साडेअकरा पौंडांचा हिशेब : बाबासाहेब परदेशात कसे शिकले

बाबासाहेबांच्या फोटोखालची पदव्यांची ओळ आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर-ॲट-लॉ. जयंतीच्या बॅनरवर ही ओळ एका दमात छापली जाते, त्यामुळे या पदव्या एका दमात मिळाल्या असाव्यात असे वाटू लागते. प्रत्यक्षात १९१३ साली त्यांनी मुंबई सोडली आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. रीतसर मिळाली ती १९२७ साली. चौदा वर्षे गेली. त्यातली तीन वर्षे तर लंडनचे शिक्षण बंदच होते, आणि त्याला एकच कारण होते. पैसे संपले होते.

बाबासाहेबांच्या विद्वत्तेवर आपण खूप लिहितो. हा लेख त्यांच्या खिशाबद्दल आहे. पैसे कोणी दिले, कोणत्या अटीवर दिले, किती दिवस पुरले आणि संपल्यावर त्यांनी काय केले, हे नीट पाहिले की परदेशी शिकायला निघालेल्या आपल्या मुलामुलींना या चरित्रातून प्रेरणेसोबत एक आराखडाही मिळतो.

करार

सुभेदार रामजींनी मुलाच्या शिक्षणासाठी काय काय गहाण ठेवले, किती कर्ज काढले, हे आपण जाणतो. मॅट्रिकनंतर मात्र सुभेदारांची पेन्शन पुरेनाशी झाली. तेव्हा केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्या आधारावर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. लगेच १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि २ फेब्रुवारीला सुभेदार गेले. घरचा कर्ता गेला तेव्हा भीमराव २१ वर्षांचे होते. पत्नी रमाबाई आणि तान्हा यशवंत घरात होते.

त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवायचे ठरवले. भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी. म्हणजे वर्षाला १३८ पौंड. त्या काळच्या दराने महिन्याचे साधारण ५६ डॉलर होतात.

या करारातील शेवटची अट लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

न्यूयॉर्क : वेळ म्हणजेच पैसा

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. सुरुवातीला विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये, मग कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहिले. तिथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी मैत्री जुळली. ही मैत्री आयुष्यभर टिकली, आणि पुढे दोनदा तिनेच त्यांना तारले.

शिष्यवृत्तीतून स्वतःचा खर्च भागवून थोडी रक्कम घरी पाठवावी लागे. त्यामुळे हॉटेल, नाटक, सहली यांना फाटा मिळाला. एका गोष्टीत मात्र हात आखडला नाही, ती म्हणजे पुस्तके. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे २००० पुस्तके गोळा केली.

तीन वर्षांची मुदत ठरलेली होती, म्हणून त्यांनी ती अक्षरशः पिळून काढली. अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, थोडे फ्रेंच आणि थोडे जर्मन. सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र आणि ड्युई यांच्याकडे तत्त्वज्ञान शिकले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात कशी जन्मते, कशी चालते आणि कशी पसरते, याची पंचविशीतल्या विद्यार्थ्याने केलेली ही मांडणी आजही अभ्यासली जाते. हे काम शिष्यवृत्तीच्या पैशावर झाले, हेही लक्षात असू द्या.

लंडन, पहिली फेरी

१९१६ च्या उन्हाळ्यात ते लंडनला आले. हातात सेलिग्मन यांचे शिफारसपत्र होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही नाव दाखल झाले. बडोद्याने मुदत आणखी एक वर्ष वाढवून दिली.

इथे एक आकडा पाहण्यासारखा आहे. लंडन स्कूलमधील त्यांच्या अभ्यासक्रमाची फी होती १० पौंड १० शिलिंग. म्हणजे अख्ख्या अभ्यासक्रमाची फी एका महिन्याच्या शिष्यवृत्तीपेक्षा कमी! मग अडचण कुठे होती? अडचण होती लंडनमध्ये राहण्याची, जेवण्याची, जाण्या-येण्याची आणि जहाजाच्या भाड्याची. विद्यापीठ परवडत होते, शहर परवडत नव्हते. परदेशी शिक्षणाचा खरा खर्च बहुतेक वेळा फीच्या पावतीत दिसत नाही, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीही तितकीच खरी होती.

१९१७ मध्ये बडोद्याच्या दिवाणांनी आणखी मुदत नाकारली आणि परत बोलावले. प्रबंधाचे काम अर्धवट, बॅरिस्टरी अर्धवट. अशा वेळी कोणीही हताश होऊन सामान बांधले असते. भीमरावांनी सामान बांधण्यापूर्वी एक काम केले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे चालू करता येईल. दार बंद होण्याआधी त्यांनी त्यात पाय अडकवून ठेवला. पुढची सगळी धडपड ही ऑक्टोबर १९२१ ही तारीख डोळ्यांसमोर ठेवून झाली.

तीन वर्षांची खाडी

पहिले महायुद्ध चालू होते. सामान आणि पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती. ते जहाज पाणतीराने बुडाले. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईला उतरले. करारानुसार बडोद्याला रुजू व्हायचे होते, पण तिकिटापुरतेही पैसे नव्हते. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून मिळालेल्या ६०० रुपयांतून त्यांनी काही घरात दिले आणि उरलेल्या पैशांत बडोदा गाठले.

तिथे काय झाले ते प्रत्येक भीमसैनिकाला पाठ आहे. शिपाई लांबून फायली फेकत. पिण्याचे पाणी मिळेना. राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. दहा वर्षांच्या नोकरीचा करार काही दिवसांतच मोडला, आणि तो मोडला जातीने.

पण कागदावर दोष भीमरावांचाच राहिला. शिष्यवृत्तीची रक्कम परत करा, असा तगादा बडोदा संस्थानाने पुढे कित्येक वर्षे लावला. ज्या राज्यात त्यांना खोली मिळाली नाही, त्या राज्याचे ते कागदोपत्री कर्जदार ठरले. सयाजीरावांचे उपकार बाबासाहेबांनी कधी नाकारले नाहीत. तरीही अट घालणारा एक असतो, अंमलबजावणी करणारे दुसरेच असतात आणि मध्ये जात उभी असते, हा धडा त्यांना इथे मिळाला.

मुंबईत परत आल्यावर शिकवण्या केल्या. व्यापाऱ्यांना सल्ला देणारी छोटी संस्था काढली. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पगार महिना ४५० रुपये. चाळीत राहणाऱ्या माणसासाठी हा पगार मोठाच होता. चाळ सोडून बंगल्यात जाता आले असते. ते परळच्या चाळीतच राहिले, कारण पगारातला जमेल तितका भाग लंडनसाठी बाजूला पडत होता. मार्च १९२० पर्यंत, म्हणजे साधारण सोळा महिने, ही काटकसर चालली.

बचत पुरेशी नव्हती. मग नवल भथेना पुढे आले आणि त्यांनी ५००० रुपये कर्जाऊ दिले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. स्वतःची बचत, मित्राचे कर्ज आणि समाजाच्या हितचिंतकाची मदत, अशा तीन झऱ्यांतून दुसऱ्या लंडनवारीचा पैसा उभा राहिला. पहिल्या वेळी सारा भार एका शिष्यवृत्तीवर होता आणि ती थांबताच सगळे थांबले होते. दुसऱ्या वेळी ती चूक झाली नाही.

चळवळ की शिक्षण?

कार्यकर्त्यांनी इथे थोडे थांबावे. १९२० हे वर्ष चळवळीच्या दृष्टीने कसे होते? ३१ जानेवारीला 'मूकनायक' सुरू झाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि खुद्द शाहू महाराजांनी तिथे या तरुण नेत्याला समाजापुढे उभे केले. मे अखेरीस नागपूरची परिषद झाली. लोक ऐकू लागले होते, नेतृत्व चालून आले होते. आणि जुलै १९२० मध्ये हा माणूस बोटीत बसून लंडनला निघून गेला.

आज एखाद्या कार्यकर्त्याने असे केले तर आपण त्याला काय म्हणू? करिअरवादी म्हणू, चळवळ सोडून पळाला म्हणू. 'मूकनायक' मागे राहिले आणि त्याची घडी विस्कटली, ही किंमतही खरी आहे. पण ऑक्टोबर १९२१ ची मुदत पुन्हा मिळणार नव्हती, आणि अर्धे शिक्षण घेऊन पुढची लढाई लढता येणार नाही हे त्यांना कळत होते. सरकारी कमिट्यांपुढे साक्ष देताना, सरकारी आकड्यांशी झुंजताना लागणारे हत्यार त्यांना लंडनहून आणायचे होते. महाडचा सत्याग्रह १९२७ चा आहे. तो बॅरिस्टर होऊन, डी.एस्सी. होऊन परत आलेल्या माणसाने उभा केला.

लंडन, दुसरी फेरी

लंडन स्कूलची फी एका गिनीने वाढली होती, एवढाच फरक. बाकी सगळे जास्तच कठीण होते. भाड्याच्या खोलीची मालकीण सकाळी पावाचा एक तुकडा, थोडा मासा आणि कपभर बोव्हरिल देई. दुपारचे जेवण नाही. बसचे भाडे वाचवण्यासाठी पायी प्रवास. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत जायचे आणि बंद होताना शेवटी बाहेर पडायचे. रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्याने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधासोबत खायचे.

ही उपासमार आपण भक्तिभावाने सांगतो. तिच्यामागचा हिशेब मात्र सांगत नाही. राहण्याचा खर्च एक पदवी घ्या की तीन, तेवढाच येतो. म्हणून त्यांनी एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी एकाच मुक्कामात चालवली. दिवसा ग्रंथालय, ठरलेल्या संध्याकाळी ग्रेज इनच्या टर्म्स भरण्यासाठी तिथली जेवणे, रात्री प्रबंध. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला.

या रुपयाने त्यांच्याशी एक क्रूर खेळही केला. १९२० च्या आरंभी एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते. १९२१ मध्ये तो दर १ शिलिंग ४ पेन्सच्या आसपास घसरला. आकडेमोड करून पाहा. दोन शिलिंगांच्या दराने ५००० रुपयांचे ५०० पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या दराने तेच ५००० रुपये ३३३ पौंडच होतात. एक पैही खर्च न करता तिसरा हिस्सा गायब! जो विद्यार्थी ग्रंथालयात बसून रुपयाचे मूल्य का अस्थिर होते याचा शोध घेत होता, त्याच्याच खिशाला त्या अस्थिरतेची झळ बसत होती. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले. मागताना संकोच होताच, पण संकोचापायी शिक्षण सोडले नाही. मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेले.

प्रबंधातील ब्रिटिश धोरणावरची टीका काही परीक्षकांना खटकली आणि तो सुधारून द्यायला सांगितले गेले. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. पण यावेळी शिक्षण अर्धे राहिले नाही. मुंबईत बसून त्यांनी प्रबंध सुधारला, ऑगस्टमध्ये लंडनला पाठवला आणि नोव्हेंबरमध्ये तो स्वीकारला गेला. निष्कर्ष मात्र त्यांनी बदलले नाहीत. वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते, तेव्हा पुन्हा भथेनाच धावून आले. कोलंबियाच्या पीएच.डी.साठी प्रबंधाच्या छापील प्रती द्याव्या लागत. तो ग्रंथ १९२५ मध्ये छापून झाला आणि १९२७ मध्ये पदवी मिळाली.

हिशेबात न धरलेली रक्कम

या जमाखर्चात एक नाव राहून जाते. बाबासाहेब लंडनमध्ये अर्धपोटी होते तेव्हा रमाई परळच्या चाळीत अर्धपोटी होत्या. विद्यार्थ्याच्या काटकसरीचे कौतुक होते, कारण तिच्या शेवटी पदवी असते. रमाईच्या काटकसरीच्या शेवटी काय होते? त्यांची पाचपैकी चार मुले बालपणीच गेली. एकटा यशवंत जगला. १९३५ मध्ये रमाई गेल्या. पुढे पाकिस्तानवरचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

परदेशी शिक्षणाचा खर्च काढताना घरी राहणाऱ्यांचा खर्च कोणी मांडत नाही. आपल्या वस्त्यांतून जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे आजही कोणाची तरी आई धुणीभांडी करत असते, कोणाची तरी बहीण शिक्षण थांबवून नोकरी धरते. त्यांचे नाव पदवीवर येत नाही.

शिडी मागच्यांसाठी

वर चढून गेल्यावर शिडी ओढून घेणारे पुष्कळ असतात. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९४२ मध्येच त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी आणि परदेशी उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. सरकारला अनुदान मंजूर करावे लागले आणि आपले विद्यार्थी परदेशी जाऊ लागले. महाराजाच्या मर्जीवर मिळणारी मदत त्यांनी सरकारकडून मागायच्या हक्कात बदलली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचे कॉलेज, ही त्याच कामाची पुढची पावले.

आज राज्य सरकारची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची परदेशी शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. पण या केंद्राच्या योजनेच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. याचा अर्थ नीट समजून घ्या. १९१६ मध्ये बडोद्याच्या पैशावर न्यूयॉर्कमध्ये बसून जातीवर निबंध लिहिता आला. एका संस्थानिकाने जो विषय अडवला नाही, तो लोकशाही सरकारच्या नियमाने अडवला. शिष्यवृत्ती किती मिळते याइतकेच ती काय शिकू देते हेही महत्त्वाचे असते. हा प्रश्न विद्यार्थ्यांनी एकेकट्याने सोडवायचा नाही, चळवळीने हाती घ्यायचा आहे.

आणि जे यंदा अर्ज भरत आहेत त्यांनी हे चरित्र वहीपेन घेऊन वाचावे. फी किती आणि राहणे किती, हे वेगवेगळे लिहून काढा. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, पण वर्षभराच्या राहण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात. करारावर सही करण्यापूर्वी परतीची अट आणि वसुलीची अट वाचा. सगळा भार एकाच झऱ्यावर टाकू नका. रुपया घसरेल असे धरूनच बजेट करा. मध्येच थांबावे लागले तर आधी परत येण्याची लेखी परवानगी घ्या, मग घरी या. थांबणे म्हणजे हरणे नव्हे, हे तीन वर्षे लंडनबाहेर थांबलेल्या माणसाने दाखवून दिले आहे.

आणि नोकरी लागलेल्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपल्या वस्तीतल्या एखाद्या भीमरावाला अडल्या वेळी पैसे देणारा नवल भथेना आपण आहोत का?

जय भीम.